छंदासाठी मुलं मोठी व्हायची वाट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. परदेशी गेलेल्या तरुण जोडप्यांबद्दल त्यांनी फार आपुलकीनं लिहिलं होतं. नोकरी, घरकाम आणि लहान मुलं यांत ही मंडळी पार पिचून जातात, मदतीला ना आजी ना मावशी. तेव्हा छंदबिंद त्यांनी मुलं हाताशी येईपर्यंत बाजूला ठेवावेत, असा त्यांचा सल्ला. त्यामागची कळकळ पोचली, पण सल्ला पटला नाही. का पटला नाही ते नीट सांगावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायचा अधिकार आपला आहेच.

मी मूळची कराडची. गेली काही वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टच्या शेजारच्या एस्लिंगन या नेकार नदीकाठच्या गावात राहते. श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि गाड्यांच्या कारखान्यांमुळे या भागात पुण्या-नाशिककडची बरीच मराठी घरं आहेत. माझा नवराही त्याच धंद्यात. मी एका छोट्या कार्यालयात अर्धवेळ हिशेब बघते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. फोटोग्राफी हा माझा कॉलेजपासूनचा छंद.

तेव्हाची फोटोग्राफी म्हणजे पहाटे मोटरसायकलवरून कासचं पठार गाठायचं, धुकं हटायची वाट बघत तासन्‌तास बसायचं. आता एका जागी बसून वाट बघणं जमत नाही. फिरायचं ते बाबागाडी जाईल तिथवर, थांबायचं ते मुलगा रडायला लागेपर्यंत. बरोबर एक जुना घेतलेला मिररलेस कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरची एकच लेन्स. खांद्याला डायपरची पिशवी असताना दुसरी लेन्स बदलत बसायला हात मोकळे नसतात. एवढ्यात काय फोटोग्राफी होणार, असं कुणालाही वाटेल. मला मात्र मनापासून वाटतं की मी आत्ता जे फोटो काढते ते कासच्या फुलांपेक्षा चांगले आहेत, कारण आता मी जे बघते ते रोज बघते.

इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन छायाचित्रकार बाईंचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९०९ साली त्या शिष्यवृत्तीवर इथे जर्मनीत, ड्रेस्डेनला, फोटोग्राफीचं रसायनशास्त्र शिकायला आल्या होत्या. पुढे लग्न झालं, तीन मुलगे झाले, त्यांतले दोघं जुळे. सॅन फ्रान्सिस्कोला बिऱ्हाड हलवल्यावर लहान मुलांमुळे घर सोडून कुठे जाता येईना, तेव्हा त्यांनी घराच्या आवारातल्या झाडापानांकडे कॅमेरा वळवला. १९२५ साली त्यांनी टिपलेलं मॅग्नोलियाचं फूल आज फोटोग्राफीच्या इतिहासात मोजलं जातं. मुलं हाताशी येईपर्यंत त्या थांबल्या असत्या तर ते फूल कुणी बघितलं नसतं. मी काही कनिंगहॅम नव्हे. पण घरात अडकलेल्या आईच्या पल्ल्यातही बघण्यासारखं भरपूर असतं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आणि इथला उजेड तर लहान मुलांच्या आईच्या सोयीचाच आहे! कराडला सकाळचं कोवळं ऊन हवं तर पाचला उठून निघावं लागायचं. इथे डिसेंबरात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. मुलीला कीटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, सोडायला निघतो तेव्हा फटफटत असतं आणि परतताना डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांवर पहिलं ऊन पडत असतं. गजर न लावता, घरचं काही न सोडता. त्या दिवसांत भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो. कराडला त्याच दिवशी तो ४९ अंशांवर असतो. त्यामुळे इथे हिवाळ्यात जेव्हा ऊन पडतं तेव्हा दिवसभर लांब सावल्या आणि बाजूनं येणारा पिवळा उजेड. घसरगुंडी, सायकलींचं स्टँड, वाळत घातलेली झबली, कशालाही त्यानं रूप येतं.

उन्हाळ्यात सगळं उलट. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, आणि मुलांना आठला झोपवायचं म्हणजे खिडक्यांची बाहेरची पट्ट्यांची झापडं खाली ओढावी लागतात. त्या पट्ट्यांच्या फटींतून उन्हाचे ठिपके ओळीनं आत येतात. भिंतीवर, गादीवर, पालथ्या झोपलेल्या मुलाच्या उघड्या पाठीवर. पंधरा-वीस मिनिटांत ते पाठीवरून सरकत उशीवर जातात. हा फोटो मी दर उन्हाळ्यात काढते आणि दर वेळी ती पाठ मोठी झालेली असते.

नोव्हेंबरबद्दल मात्र गोड गोड लिहिणार नाही. नेकारच्या खोऱ्यात तेव्हा धुकं आणि ढग आठवडा आठवडा हटत नाहीत. पावणेपाचला अंधार. मुलगी तान्ही असताना असा पहिला नोव्हेंबर मी घरात काढला. नवरा सकाळी अंधारात जायचा, अंधारात यायचा. दिवसभर माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस म्हणजे फोनवरची आई. इथल्या कितीतरी मराठी मुली या दिवसांत आतून खचतात आणि कुणाला सांगत नाहीत. मला त्या दिवसांत घराबाहेर काढलं ते कॅमेऱ्यानं. रोज एक तरी फोटो बाहेर जाऊन काढायचा असं ठरवलं होतं. त्यासाठी बाळाला कपड्यांत गुंडाळायचं, गाडी जिन्यावरून उतरवायची, पुलापर्यंत जाऊन यायचं. फोटो कसा का येईना, जाऊन आल्यावर जीव हलका व्हायचा. ज्येष्ठ वाचकांना मला मुख्यतः हेच सांगायचंय. छंद बाजूला ठेवून ताकद वाचते असं त्यांनी गृहीत धरलंय. माझा अनुभव असा की त्या महिन्यांत छंदानंच मला उभं ठेवलं.

थंडीतले दोन-तीन धडे, बर्फाच्या मुलखात नव्यानं गेलेल्यांना उपयोगी पडतील म्हणून. बर्फाचा फोटो कॅमेऱ्यावर सोडला तर तो बर्फाला करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एखाद्या स्टॉपनं (साधारण दुपटीनं) मुद्दाम वाढवावं. थंडीत बॅटरी भराभर उतरते. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. आणि घरात आल्या आल्या कॅमेरा पिशवीतून काढू नये, काचेवर लगेच दव धरतं. पिशवीची चेन बंद ठेवून तो हळूहळू घरच्या गरमीला येऊ द्यावा.

याच नोव्हेंबरात इथे एक सुंदर सण असतो. ११ तारखेला संत मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा तलवारीनं कापून देणारा हा शिपाई. त्याच्या नावानं कीटातली मुलं हातानं कागदी कंदील करतात आणि त्या सुमाराला एका संध्याकाळी ते काठीला टांगून गाणी म्हणत गावातून मिरवतात. आपल्याकडच्या आकाशकंदिलांच्या दिवसांच्या आसपासच हा सण येतो, त्यामुळे माझी मुलगी सगळा महिना कंदिलांचाच समजते.

या मिरवणुकीचा फोटो काढणं कठीण असतं. कंदिलात मेणबत्ती नसते, काठीच्या टोकाला वीतभर तारेनं लोंबणारा बारका दिवा असतो. मुलं दमली की काठी खाली करतात, आणि मग उजेड पडतो तो कोटाच्या बटणांवर आणि गुडघ्यांवर, चेहरा काळोखात. फ्लॅश मारला तर कंदिलाचा सगळा रंगच मरतो. मी लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडते, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२०० ला नेते, शटर १/६० च्या खाली जाऊ देत नाही कारण मुलं चालत असतात, आणि ओल्या पानांवर सरळ गुडघे टेकते. कडवं संपताना मुलं कंदील वर करतात. तेवढा एक क्षण नारिंगी कागदातून येणारा उजेड माझ्या मुलीच्या हनुवटीखालून वर चढतो, टोपीची लोकर, नाकाचा लाल झालेला शेंडा, गाण्यासाठी उघडलेलं तोंड, सगळं दिसतं. पुढच्या कडव्याला काठी पुन्हा खाली. गाणं पाठ असल्याशिवाय हा फोटो मिळत नाही. मला ती सगळी गाणी पाठ झाली आहेत, आणि जर्मन भाषाही मी वर्गापेक्षा जास्त या मिरवणुकांत शिकले.

मिरवणुकीतले बाकीचे फोटो मी पाठमोरे काढते: टोप्या, हातमोजे, पुढे गेलेले दिवे. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे घेत नाही. कीटात प्रवेश घेताना फोटोंचा वेगळा फॉर्म भरून घेतात. मुलाचा फोटो कीटाच्या भिंतीवर चालेल का, त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये चालेल का, स्थानिक वृत्तपत्रात चालेल का, इंटरनेटवर चालेल का, प्रत्येकाला वेगळी खूण. आमच्या कीटात समारंभाच्या सुरुवातीला बाई सांगतात, आपल्या मुलाचा काढा, दुसऱ्याचा नको, आणि कुठे टाकू नका.

यामागे जुना कायदा आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री गुपचूप त्यांच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो घेऊन आले. कुटुंब कोर्टात गेलं, देशभर चर्चा झाली, आणि १९०७ मध्ये कायदा झाला की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही. सभा, मिरवणुका, किंवा देखाव्यात ओघानं आलेली माणसं असे अपवाद आहेत. पण मूळ तत्त्व शंभराहून जास्त वर्षं टिकून आहे. २०१८ पासून युरोपचे माहिती-संरक्षणाचे नियमही त्याच्या जोडीला आले. अनेक भारतीय मित्रांना हे सगळं जाचक वाटतं. मला या बंधनानं शिकवलं, माणसाशी आधी बोलायला.

आमच्या तळमजल्यावर एक वयस्क बाई एकट्या राहतात. या स्वाबियन मुलखात जिन्याच्या सफाईची पाळी असते, केरवोखे म्हणतात. पाळी ज्याची त्याच्या दाराला पाटी टांगलेली असते. बाईंची पाळी आली की जिना असा लखलखतो की पाय ठेवायला संकोच वाटावा. फरशी पुसायचं फडकं पिळतानाचे त्यांचे हात मला फार दिवस खुणावत होते. एकदा विचारलं. म्हणाल्या, काढ, पण कुणालाही देण्याआधी मला दाखव. दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बहिणीसाठी एक कॉपी दे. तेव्हापासून आमचं येणंजाणं सुरू झालं, आणि माझ्या मुलांना जर्मनीत एक आजी मिळाली. न विचारता काढला असता तर फोटो मिळाला असता, आजी मिळाली नसती.

आता कराडचं सांगते. महिनाअखेरीला मी मोजके फोटो निवडून औषधं-साबण विकणाऱ्या दुकानातल्या मशीनवर त्यांच्या चार बाय सहाच्या कॉप्या काढते आणि टपालानं आई-बाबांना पाठवते. व्हिडिओ कॉल रोज होतो, पण त्यात नातू दोन मिनिटांत पळून जातो. कागदावरचा नातू शोकेसमध्ये बसून राहतो. एकदा मी दोन फोटो एकत्र पाठवले होते. एक आमच्या गावच्या किल्ल्यावरून काढलेला, लाल कौलांचा आणि द्राक्षमळ्यांचा, कॅलेंडरवर शोभावा असा. दुसरा घरातला, हीटरवर ओळीनं वाळत घातलेले मुलांचे पायमोजे. आईचा फोन आला तो पायमोज्यांवर. ते कशावर वाळत घातलेस गं? पेटत नाही का? एवढे एकट-दुकट का? खिडकीच्या काचेवर पाणी कसलं? बाबांनी मधेच विचारलं, त्या हीटरला बिल किती येतं? अर्धा तास आम्ही त्या एका फोटोवर बोलत होतो. किल्ल्याला आई नुसतं "छान आलाय" म्हणाली.

लेक परदेशी कशी राहते हे त्यांना बघायचं असतं. ओटा कसा आहे, मुलं कुठे झोपतात, बाजाराची पिशवी कोण उचलतं. ते दाखवायला आपण कमी पडतो आणि आयफेल टॉवरपुढे चौघांना उभं करून पाठवतो.

कधीतरी मी जुन्या कॅमेऱ्यात रोलही घालते. ३६ फोटो, धुऊन येईपर्यंत दिसणार नाहीत. लहानपणी कराडच्या स्टुडिओवर 'ओरवो' अशी पाटी होती, आणि घरातला एक रोल गणपतीत सुरू होऊन दिवाळीपर्यंत पुरवायचा असे. ती ओरवो फिल्म पूर्व जर्मनीतल्या व्होल्फेनची. तिथल्याच कारखान्यात १९३६ मध्ये आग्फाची रंगीत फिल्म तयार झाली. १९६४ पासून ओरवो हे नाव आलं. आता त्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. फिल्मवर रसायनाचा थर चढवायचं काम तिथे काळोखात चालायचं आणि कामगारांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, हे ऐकून मी गप्पच झाले. आमच्या घरातल्या मुंजी-बारशांचे फोटो त्या बायकांच्या हातून निघालेल्या फिल्मवर उमटले होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हा छंद टिकतो तो त्या वेळात दुसरं कुणीतरी मूल धरतं म्हणून. शनिवारची सकाळ माझी आहे. नवरा मुलांना घेऊन बाजारात जातो, मी कॅमेरा घेऊन नदीवर. रविवारची सकाळ त्याची, तो सायकल घेऊन जातो. हे आम्ही बसून ठरवलंय आणि ते पाहुणे आले तरी पाळतो. इथल्या गणपतीच्या कार्यक्रमांत मी बघते, गळ्यात मोठे कॅमेरे असतात ते बहुतेक पुरुषांच्या. बायकांपैकी कितीतरी जणी सांगतात, मीही काढायचे, मुलं झाल्यावर सुटलं. सुटलं म्हणजे त्यांनी सोडलं असं नव्हे, त्यांच्या वाटचा वेळ कुणी राखला नाही. ज्येष्ठ वाचकांचा सल्ला अशा घरांत गेला तर छंद कुणाचा बाजूला पडणार हे सांगायला नको.

आणि आईच फोटो काढत राहिली तर आई फोटोत दिसत नाही, हीही अडचण आहेच. म्हणून मी मुलीला शटर दाबायला शिकवलंय. तिच्या फोटोंत मी कमरेपासून खाली असते, नाहीतर टेबलाखालून दिसते, पीठ लागलेले हात, घरातल्या चपला. हे फोटो मी एकही पुसत नाही.

संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या. वाचकांच्या छायाचित्रांच्या आपल्या सदरात परदेशातून येणाऱ्या फोटोंत बर्फाचे डोंगर, ट्यूलिपच्या बागा आणि मनोरेच फार दिसतात. एखाद्या महिन्यात मुद्दाम आवाहन करून बघा: तुमचा ओटा, तुमची बाल्कनी, मुलांना शाळेत सोडायची वाट, रविवारची दुपार, यांचे फोटो पाठवा. मेलबर्न, दुबई, टोरांटो, श्टुटगार्ट इथल्या मराठी घरांत दिवस कसा जातो ते गावाकडच्या आजी-आजोबांना पहिल्यांदा एकत्र बघायला मिळेल. आणि त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही, फोनवरचा चालेल, अशी ओळ जरूर घाला. नाहीतर बायका पाठवणार नाहीत.

दुसरी विनंती लहान मुलांच्या फोटोंबद्दल. माझ्या भाच्याच्या शाळेनं स्नेहसंमेलनातल्या सगळ्या मुलांचे फोटो नाव आणि इयत्तेसकट सर्वांना दिसतील असे इंटरनेटवर टाकले. बहिणीला ते शेजारणीकडून कळलं. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आपल्या वृत्तपत्रानं सुरुवात करावी. वाचकांकडून मुलांचे फोटो येतात तेव्हा आई-वडिलांची लेखी संमती मागावी आणि ती मागितली आहे हे सदरात छापावं. शाळांना त्यावरून विचारता तरी येईल.

आवाहन केलंत तर पायमोज्यांचा फोटो मी पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक
(मूळ गाव कराड, सध्या एस्लिंगन, जर्मनी)